पाखरांची वाटी

महदिया गावाच्या टोकाला, किल्ला आणि दीपगृह यांच्या मधल्या उतारावर, आमचं कबरस्तान आहे. चुना दिलेल्या कबरी आणि खाली समुद्र. फोटोत फार छान येतं म्हणतात. येत असेल. माझा बाप तिथं पुरलाय, त्याला फोटोत बघायची मला हौस नाही.

दर शुक्रवारी सकाळी मी माग बंद ठेवते आणि पाण्याचा डबा घेऊन तिकडं जाते. कबरीच्या दगडात एक छोटी वाटी कोरलेली असते, तीत पाणी भरायचं. पाखरं पितात आणि पुण्य मेलेल्या माणसाला पोचतं. ट्युनिसियातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

त्या शुक्रवारी बापाच्या वाटीत नाणी होती. युरोची. वर सिगारेटचं थोटूक.

मी ते उचलत होते तेवढ्यात मागून रिधाचा आवाज आला. रिधा माझा चुलतभाऊ, परदेशी पाहुण्यांना गाव दाखवतो. जुनी वेस, किल्ला, खडकात कोरलेलं बंदर, आणि शेवटी जेवायला स्वतःच्या मेव्हण्याचं हॉटेल. मागं पंधरा-वीस गोरे होते.

"ही फिनिशियन लोकांची पूजेची वाटी," तो फ्रेंचमध्ये सांगत होता. "तीन हजार वर्षांची. खलाशी इथं नवस बोलून समुद्रावर जात. तुम्हीही नाणं टाका. समुद्र ऐकतो."

तीन हजार वर्षं म्हणे. बशीर गवंड्यानं ती वाटी माझ्यासमोर कोरली आणि मजुरीत आईकडून वाळवलेला ऑक्टोपस घेऊन गेला.

"रिधा," मी आमच्या भाषेत म्हणाले, "इथं कोण झोपलंय ते सांग की त्यांना."

तो हसला आणि पाहुण्यांकडे वळला. "या इथल्या बाई. जुन्या चालीरीती जपतात." लगेच कॅमेरे वर झाले. एका बाईनं तर हात जोडून माझी परवानगी मागितली. बापाच्या कबरीवरचं थोटूक हातात धरून मी त्यांच्या फोटोत गेले.

लोक बसकडे निघाल्यावर मी त्याला किल्ल्याच्या भिंतीशी अडवलं.

"लाज विकून खाल्लीस का?"

"काकांचं काय बिघडलं त्यात? कुत्रं फिरकत नव्हतं, आता माणसं येतात."

"त्याच्याकडे येत नाहीत. त्याला पुसून तू तिथं भलताच कोणी बसवलायस."

"मुंजिया, नुसते पांढरे दगड दाखवले तर ही माणसं जांभया देतात. तू विणलेली ओढणी राणीच्या मागावरची म्हणून खपवत नाहीस?"

"नाही खपवत."

"म्हणून तर तशीच पडून राहते."

"पुढच्या शुक्रवारी आई येणार आहे. कंबर मोडल्यापासून पहिल्यांदा. तिला त्या वाटीत नाणं दिसलं तर बघ."

"काकूंना चष्म्याशिवाय दिसतं कुठं," असं म्हणून तो बसमध्ये चढला.

मी परत येऊन वाटी घासत बसले, आणि शेजारच्या कबरीकडे नजर गेली. तिथं माझा चुलता आहे, रिधाचा बाप. दोघं भाऊ एकाच नावेत बुडाले आणि एकाच दिवशी पुरले गेले. त्याच्या कबरीलाही वाटी होती, तशीच, त्याच बशीरची. तीत एकही नाणं नव्हतं. म्हणजे दर फेरीला हा माणूस स्वतःच्या बापाकडे पाठ करून उभा राहत होता आणि माझा बाप दाखवत होता. माझ्या अंगाचा भडका उडाला.

पुढच्या शुक्रवारी आईला धरून नेलं आणि बापाच्या उशाशी बसवलं. थोड्या वेळानं रिधा आला, मागं नवी टोळी. आईला बघून त्याची पावलं अडखळली.

"कोण रे, रिधा का?" आई म्हणाली. "पाहुणे आणलेस? बरं केलंस बाळा. एवढ्या लांबून आपल्या माणसांसाठी फातिहाची दुआ पढायला आले, अल्ला त्यांचं भलं करो."

मग मीच बोलले. चुलत्याच्या कबरीपाशी उभी राहिले आणि बाजारातल्या माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये त्याचेच शब्द घेतले. फिनिशियन. तीन हजार वर्षं. पूजेची वाटी. नवस.

"मुंजिया, गप," तो दातांतून म्हणाला.

"का? माणसं जांभया देतील ना." आणि पाहुण्यांना म्हणाले, "टाका नाणं. समुद्र ऐकतो."

टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्यानं खिसा चाचपला, वाकला आणि नाणं टाकलं. खण्णकन वाजलं.

"काय पडलं गं?" आईनं विचारलं.

मी रिधाकडे बघत राहिले. मनात म्हटलं, सांग, तूच सांग तिला.

तो गुडघ्यांवर बसला. नाणं काढून म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं. "माफ करा," तो म्हणाला, "हे माझे वडील आहेत." म्हाताऱ्यानं टोपी काढली. रिधानं पिशवीतली बाटली उघडून वाटी बोटानं धुतली आणि पाणी भरलं.

"पाणी पडतंय, काकू," तो म्हणाला.

"शेजारीपण ओत," मी म्हणाले.

त्यानं ओतलं. माझ्याकडे न बघता टोळीला घेऊन तो वर दीपगृहाकडे गेला. मी कान देऊन ऐकत होते. ते फ्रेंचांच्या काळातलं आहे, त्यानं तेवढंच सांगितलं.

मी अजून त्याच्याशी बोलत नाही. शुक्रवारी मात्र मी पोचते तेव्हा दोन्ही वाट्या भरलेल्या असतात.