शिवाची ढोलकी

नवरा गेल्यावर बाईने काय काय सांभाळायचं हे सांगायला सगळा गाव येतो. त्याच्या ढोलकीचं काय करायचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

माझा शिवा बोटीवर तांडेल होता, आणि आमच्या केळशीच्या जाखडी नाचात वीस वर्षं ढोलकी वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी बोटीवरच छातीत कळ आली आणि गेला. ढोलकी भिंतीवर राहिली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला तिच्यातून एक थाप यायची. एकच. जाऊ म्हणाली, खाऱ्या हवेने चामडं ओढतं. ओढत असेल. पण शिवाचा हात नेहमी तालाच्या जरासा आधी पडायचा, आणि ही थापही देवळातल्या घंटेच्या जराशी आधीच यायची. हे मी कोणाला सांगू?

नाचातला शाहीर म्हणजे माझा धाकटा दीर शुभंकर. गेल्या शिमग्यात समोरच्या शाहिराच्या सवालाला उत्तर सुचेना, तेव्हा रागाच्या भरात त्याने स्टेजवर ढोलकी आपटून फोडली. म्हातारे उठून चालू लागले, कारण वाद्याला कपाळ लावल्याशिवाय आमच्याकडे नाचाची बारी सुरू होत नाही. मग कोणीतरी शिट्टी मारली. व्हिडिओ मोबाइलवर फिरला आणि तेव्हापासून लोक गाणं ऐकायला नव्हे, फोडणं बघायला येतात. शुभंकरही हुशार. शेवटच्या गाण्यासाठी एक तडकलेली ढोलकी बरोबरच ठेवतो.

परवा गावातच बारी होती, दुपारी चारची. ऐनवेळी वाजवायच्या ढोलकीचं चामडं फाटलं आणि शुभंकर माझ्या दारात उभा.

"वयनी, दादाची ढोलकी द्या. वाजवायला नुसती. फोडायची नाय, तुमच्या पायाशप्पत."

"ओरखडा जरी आला तरी तुमचं तोंड बघायची नाय मी," मी म्हटलं, आणि दिली. राखायला म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसले.

वाजवायला निहार होता, शेजारच्या वाडीतला. त्याने शिवाला कधी ऐकलेलं नाही. दुसऱ्या गाण्याला नाचणारे भोवती फिरू लागले आणि निहारचा हात तालाच्या आधी पडायला लागला. शुभंकर सवयीने डोळे वटारून वळला, आणि त्याचा चेहराच उतरला.

शेवटी शुभंकरने तडकलेली ढोलकी फोडली. कोणी टाळी वाजवेना.

"ती फुटकी नको. वाजते ती फोड," मागून कोणीतरी ओरडलं.

मग सगळं मैदान तेच ओरडायला लागलं. शुभंकरने लोकांना हात जोडले, मग माझ्याकडे बघितलं. मी नुसती नाय म्हणून मान हलवली असती तरी त्याने ढोलकी मला आणून दिली असती. निहारचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. तेवढ्यात ढोलकीतून एक थाप आली. लोकांना वाटलं, माईक धडकला.

तिला घेऊन परत त्या घरात जायची मला भीती वाटली. खरं सांगते, भीतीच. मी उभी राहिले.

"फोडा, भावजी."

फुटली. शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. शेजारच्या बायकांनी माझीच पाठ थोपटली.

घर आता गप्प आहे. मला वाटलं होतं, सुटेन. शिवा पहिल्यांदा गेला तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारलं, आणि मी हो म्हटलं.