डाळीवाचून

"आज हात आवरजो, जमनीबाई," भीमराज सर कोठीच्या दारात उभे राहून म्हणाले. "तांदूळ, हळद, मीठ. सरकारनं देल्लं तेवढंच. बाकी काही टाकू नको."

"लेकरं खातीन का, सर?"

"नाई खाल्लं तं नाई खाल्लं. एकाच दिवसाचा प्रश्न हाये. जिल्ह्याचे साहेब येऊन राह्यले, त्याहीले दिसू दे ताटात काय पडते ते. मी तीन पत्रं पाठवली डाळीसाठी. पण येणारा जो तो तुह्या हातचं खाते अन् ढेकर देत जाते. मंग पत्र कोण वाचते?"

वर्षा, जमनीच्या जोडीची स्वयंपाकीण, चुलीत काड्या सारता सारता हसली. "मावशीच्या हातालेच कुलूप लावा, सर. तोंडानं हो म्हणते, पण हात आयकत नाई तिचे."

फुलसावंगीकडच्या या तांड्यावरच्या शाळेत जमनी अकरा वर्षं खिचडी रांधत होती. मुलं तिला याडी म्हणत, म्हणजे आई. पोळ्याच्या कितीतरी आधीपासून डाळ आणि तेल आलेलं नव्हतं, नुसता तांदूळ येत होता. म्हणून जमनी घरून निघाली की शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधांवरून यायची आणि पदरात पाला घेऊन यायची. कोवळा असेपर्यंत तरोटा, तो निबर झाला की कपाशीच्या कडेची अंबाडी. तेलाच्या जागी घरचं जवस भाजून कुटून घालायची आणि लसूण निखाऱ्यात भाजायची. मुलं ताटल्या चाटून पुसून ठेवायची. डाळ आलेली नाही हे त्यांच्या कधी लक्षातही आलं नाही.

श्रावणातल्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाला महाराजांनी हीच गोष्ट सांगितली होती. देव शोधायला लांब कशाला जाता, तुमच्या शाळेमागच्या चुलीपाशी जाऊन बसा, असं म्हणून त्यांनी टाळकऱ्यांना खूण केली. मृदंग असा काही वाजला की सभामंडपातल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. बायांनी ढकलत ढकलत जमनीला पुढे नेलं. महाराजांनी आपल्या गळ्यातला हार तिच्या गळ्यात घातला आणि वाकून तिलाच नमस्कार केला. त्या रात्री जमनीला वाटलं, जन्माला आल्याचं झालं आपलं. पण तेव्हापासून तांड्यावर कुणी डाळीचं नावच काढीना. सर सरपंचांकडे गेले तर सरपंच हार आठवून हसले. "याडी हाये न, सर. तुमाले कायची चिंता?"

आज ती रिकाम्या पदरानं आली होती.

पिवळाजर्द भात झाला. साहेब बाराला येणार होते. साडेबाराला फोन आला की दोन वाजतील. तोवर मुलं रांगेत बसली होती आणि ताटल्या वाढून झाल्या होत्या.

"हे काय, याडी? कोनाची हळद हाये आज?" बंटी ओरडला आणि सगळी रांग हसली. मग एकेकानं घास घेतला आणि हसणं थांबलं.

"ताटल्या उचलू नको," सर तिच्या कानाशी म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते बोलवत नव्हतं. "अशाच राहू दे. साहेब येतपर्यंत."

मुलं भातापुढे बसून राहिली. दुसरीतली खुशी रांगेच्या टोकाला होती. तिनं भाताला हातही लावला नव्हता. जमनी पाणी वाढत तिथवर गेली, तशी ती हळूच म्हणाली, "याडी, तू आमच्यावर रागावली का वं?"

"नाई वं माय. काहून?"

"कालच्याले मी खिचडी सांडवली होती म्हनून?"

जमनीनं पाण्याची बादली खाली ठेवली. सरांकडे तिनं पाहिलं नाही. शाळेमागच्या तारेतून वाकून ती कपाशीच्या कडेला गेली आणि दोन्ही हातांनी अंबाडी ओरबाडू लागली. वर्षानं काही न विचारता डब्यात उरलेलं जवस भाजायला घेतलं. अर्ध्या तासात आंबट पाला शिजला, मिरची-लसूण ठेचून पडला, आणि ताटल्यांतला भात पुन्हा पातेल्यात जाऊन हिरवा होऊन बाहेर आला. त्या वासानं रांगेत एकदम गलका उठला. खुशी दोनदा मागून जेवली.

साहेबांची गाडी फाटकात आली ती याच गलक्यात.

माणूस भला होता. सतरंजीवर मुलांच्या पंक्तीत बसून जेवला, बोटं चाटली. "यात डाळ नाही?" त्यानं विचारलं.

"नाई, साहेब," सर घाईनं पुढे झाले. "दीड महिन्यापासून नाई. तेलही नाई. हे माझं पत्र..."

"आणि तरी ही चव!" साहेबांनी पत्र घेतलं, घडी करून वहीत ठेवलं, आणि वर्षाकडून कृती विचारून त्याच वहीत लिहून घेतली. "अहो, डाळ असलेल्या शाळांमध्ये असं जेवण मिळत नाही. हे सगळ्यांना कळलं पाहिजे. बाई, पळी घेऊन उभ्या राहा. थोडं हसा."

जमनी उभी राहिली. धुरानं डोळे भरून आले होते. फोटोत ते छान दिसले.

गाडी गेल्यावर सर व्हरांड्यात बसले. जमनी पातेलं घासत होती.

"सर, चुकलं माह्यं."

"मीही दोन ताटल्या खाल्ल्या, बाई," सर म्हणाले. "मी कोनत्या तोंडानं बोलू?"

संध्याकाळी विमलताईचा फोन आला. राजूरकडच्या खाणीजवळच्या एका शाळेत ती स्वयंपाक करायची. यवतमाळच्या प्रशिक्षणात दोघी एका पंक्तीला बसल्या होत्या, तेव्हापासूनची ओळख.

"तुहा फोटो आला वं सगळ्याहीच्या मोबाइलवर," विमलताई म्हणाली. "खाली लिवलं हाये, डाळीवाचून पौष्टिक आहार, सर्व शाळांनी करावा. आमचे गुरुजी म्हनतात, आता डाळ मांगायची सोयच राह्यली नाई. काय करून ठेवलं हे, जमने?"

जमनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इथं कायची अंबाडी वं? जो पाला तोडला त्याच्यावर कोळशाची धूळ. तीन पान्यानं धुतला तरी पानी काळंच निंगते. सांग, उद्या मी काय टाकू लेकराहीच्या पुढं?"

विमलताई रडते आहे की दमली आहे हे जमनीला कळेना. जमनीनं विचारलं, "शाळेत शेवगा हाये का?"

"एक हाये. हातपंपापाशी."

"त्याच्या शेंड्याचा पाला घेजो," जमनी म्हणाली. "खालचा नको. चार पान्यानं धूजो. आयकून राह्यली न?"

"बोल," विमलताई म्हणाली.