धुणे

श्यामसुंदररावांनी चौकटींच्या वहीत जपानी अक्षराचे डावीकडचे पाण्याचे तीन थेंब काढले, उजवीकडचं उरलेलं अक्षर नीट बसवलं आणि कॉम्प्युटरवर उत्तर उघडलं. अक्षर बरोबर होतं. स्पीकरमधून शकूचा आवाज आला.

“आराऊ, धुणे. आराइमास, धुतो... अहो, नळ बंद करा! रेकॉर्डिंग चाललंय!”

मागून त्यांचा स्वतःचा आवाज. “मग भांडी घासायला टोकियोहून कोणी येणार आहे का?”

ती हसली आणि हसू अर्ध्यावरच तुटलं.

त्यांनी ‘आठवलं नाही’वर क्लिक केलं.

निवृत्तीनंतर बायकोने, शकूने, हे खूळ घेतलं होतं. क्लासबिस काही नाही. कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये बसून तिने सहाशे क्रियापदांची कार्डं केली, तीही स्वतःच्या आवाजात. मार्चमध्ये ती गेली. प्रोग्रॅम मात्र रोज सकाळी शब्द विचारतच राहिला, आणि बंद करायला म्हणून बसलेले श्यामसुंदरराव शिकायलाच लागले. त्याचा नियम साधा होता. आठवलेला शब्द चार दिवसांनी येई, मग महिन्याने, मग वर्षाने. चुकलेला दुसऱ्याच दिवशी हजर. त्यांना पाठांतराची चांगली सवय, त्यामुळे दिवाळीपर्यंत शकू घरात फारच कमी बोलू लागली. याचं त्यांना भयंकर वाईट वाटे. म्हणून हा एक शब्द ते रोज चुकत.

रविवारी तो आलाच नाही. त्यांनी सगळी कार्डं संपवली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला, मग खालच्या मजल्यावरच्या अनंतरावांना फोन केला. शकूला हा प्रोग्रॅम त्यांनीच लावून दिला होता.

अनंतराव चहाचा कप हातात घेऊनच वर आले.

“इतक्या वेळा चुकलात की त्याने तो शब्द बाजूला काढून ठेवलाय. बाकी सगळे येतात आणि धुणं तेवढं येत नाही? कमाल आहे तुमची.”

“वय झालं.”

अनंतरावांनी शब्द परत आणला. नळ वाहिला, शकू ओरडली, हसली. अनंतरावांची नजर उघड्या वहीवर गेली. पानभर तेच अक्षर होतं, एकही रेघ न चुकलेलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“आवाज मोबाईलवर काढून देतो. हवा तेव्हा लावा.”

“नको. आपण लावायचा नाही. तिने मध्येच ओरडायला हवं.”

अनंतराव दाराकडे वळले.

“मग अधूनमधून बरोबर उत्तर द्या, श्यामसुंदरराव. नाहीतर पुन्हा जाईल.”

ते गेल्यावर श्यामसुंदररावांनी पुष्कळ वेळाने ‘आठवलं’वर क्लिक केलं. पडद्यावर आलं, ‘चार दिवसांनी’.

अनंतरावांचा कप तसाच राहिला होता. तो उचलून ते मोरीत गेले, नळ सोडला आणि कप धुऊन झाल्यावरही तसेच उभे राहिले. पाणी वाहत होतं. नळ बंद करा म्हणणारं कोणी नव्हतं. शेवटी त्यांनीच तो बंद केला.