मोटारीची राखण

चौलच्या बाळाजीशेटच्या मोटारीला सगळे काही होते. मोठा भोंगा होता, पितळी दिवे होते, पुढे लिंबू-मिरच्या टांगलेल्या होत्या. नव्हता तो फक्त विमा. रस्त्यावर मोटार आणायची तर विमा उतरवलाच पाहिजे, असा कायदा होऊन बारा वर्षे झाली होती. पण शेट छाती पुढे काढून सांगे, "विमेवाल्याचं तोंड कुणी पाहिलंय? मी दरसाल देवाला कोंबडा देतो. माझ्या मोटारीची राखण तो करतो!"

ही राखणीतली मोटार त्याने येसाजीला मुलगी बघायला जाण्यासाठी दिली. येसाजी मुंबईला गिरणीत कामाला. गळ्यात रेशमी रुमाल, केसांना वासाचे तेल, आणि मोटार हाकायची विद्या अगदी ओली. रेवदंड्याच्या वळणावर त्याने भोंगा दणकून वाजवला. ब्रेक दाबायचे मात्र राहून गेले. सुक्या बोंबलांची पाटी घेऊन कडेकडेने चाललेली भागुबाई माडाच्या बुंध्यावर जाऊन आदळली आणि तिच्या पायाची नळी मोडली.

भागुबाई एकटी बाई. पाटी डोक्यावर चढली तरच तिची चूल पेटायची. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या, पण सूज उतरेना. अलिबागच्या इस्पितळात गेली नाही तर जन्माची लंगडी होईल, असे तोच म्हणाला. तिथे नेणार कोण, आणि ती उभी राहीपर्यंत तिच्या पोटाचे काय, एवढाच तिचा प्रश्न होता.

उत्तर द्यायला दोघे एकदमच आले.

"भागुबाई, गाडी माझी खरी," बाळाजीशेट म्हणाला, "पण हाकत होता हा."

"हाकत होतो मी, पण गाडी यांची," येसाजी म्हणाला. "विमा नाही, हे यांनी सांगितलं का मला?"

"आसं हाय व्हय!" भागुबाई खाटेवरून म्हणाली. "म्हंजे मालकानं उडवली न्हाय, हाकनाऱ्यानं उडवली न्हाय. मीच आपली माडाला भेटाया गेले!"

"अगदी बरोबर!" शेट खूश झाला. त्याच्या कातडीत टोमणा शिरायचा तर दाभणच हवे होते. "उद्या फौजदार येतील. त्यांना हेच सांग. पाय घसरला म्हणावं."

"घसरला तो तुमचा, शेट. माजा मोडला."

बाईमाणूस ऐकत नाही म्हटल्यावर शेटने देवाला कौल लावायचे ठरवले. देवाच्या दोन्ही खांद्यांवर गुरव ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्यापुढे गावात कुणी बोलत नसे. शिवाय गुरव शेटच्या वाडीत राहणारा. कुठली कळी घट्ट बसवायची, हे त्याला सांगावे लागत नव्हते.

संध्याकाळी भागुबाईला न्यायला शेटने मोठ्या मनाने मोटार धाडली.

"नको गो बाय," ती शेजारच्या गोदूला म्हणाली. "त्या गाडीत देव बसलाय. मला जागा कुठं?" ती खाटेवर बसून चौघांच्या खांद्यावरून देवळात आली.

शेट हात जोडून पुढे झाला. "देवा, चूक येसाजीची..."

"थांबा शेट," भागुबाई म्हणाली. "गाऱ्हानं माजं हाय. ज्याचं गाऱ्हानं त्यानं इचारायचं, ही गावाची रीत."

पंचांनी माना डोलावल्या. रीत ती रीत.

भागुबाईने पदर सावरला. "देवा म्हाराजा, बाळाजीशेटच्या मोटारीची राखण तू घेतली व्हतीस का? व्हय तर उजवी दे, न्हाय तर डावी."

गुरवाने कळ्या लावल्या आणि कुठली सैल ठेवायची म्हणून शेटकडे पाहिले. शेटने डोळ्याने उजवी दाखवली, मग चमकला. देवाने राखण घेतली होती म्हणावे, तर ती मोडल्याचा जाब देवाला विचारायचा? भर देवळात? बरे, घेतली नव्हती म्हणावे, तर वर्षानुवर्षे बिनराखणीची, बिनविम्याची गाडी रस्त्यावर सोडणारा कोण? त्याने डावी दाखवली. पुन्हा उजवी. गुरवाची मान ताकाच्या रवीसारखी फिरू लागली.

तेवढ्यात उजवी कळी हलली.

"काढ! काढ त्या कळ्या!" शेट ओरडला.

"का वो शेट?" भागुबाई म्हणाली. "गाडी सोपवायला देव चालतो, बोलाया लागला की नको?"

येसाजीला हसू फुटले.

"तू दात काढू नको रे, नवरदेवा! ब्रेकवरचा पाय देवाचा व्हता का तुजा?"

देऊळभर हशा झाला आणि दोघांच्या माना खाली गेल्या. "उद्या सकाळी हिला इस्पितळात न्यायची," वडीलधारे पंच म्हणाले, "आणि ती चालेपर्यंत तिची चूल तुम्ही दोघांनी पेटती ठेवायची." दुसऱ्या दिवशी फौजदाराला भागुबाईने सारे जसे घडले तसे सांगितले. त्याने दोघांवरही खटला भरला. बिनविम्याची गाडी हाकणाऱ्याइतकाच ती हाकायला देणाराही गुन्हेगार, हे शेटला अखेर सरकारच्या तोंडून कळले.

अलिबागला भागुबाई बैलगाडीतून गेली. निघताना तिने येसाजीला हाक मारली.

"माजी पाटी पडून हाय. आज चौलचा बाजार. बोंबील काय विम्यानं इकले जातील?"

येसाजीने रेशमी रुमालाची चुंबळ केली, वासाच्या तेलावर ठेवली आणि पाटी उचलली. ज्या मुलीला बघायला तो निघाला होता, तिचे घर वाटेतच होते. दारात उभ्या राहिलेल्या तिच्या आईने बोंबील हातात घेऊन वास घेतला आणि भाव विचारला.

नवऱ्या मुलाचे नाव मात्र विचारले नाही.