मास्तरांचा मेपल

मी जपानच्या दक्षिण टोकाची, कागोशिमाची. तिकडे ऐन हिवाळ्यातही झाडांवर संत्री असतात. लग्न होऊन पार उत्तरेला, नायोरोला आले त्याच वर्षी जानेवारीत माझे सासरे, तात्सुकिची नागाने, छपरावरचा बर्फ ओढताना पडले. खुब्याचं हाड मोडलं. नवरा महामार्गावरचा बर्फ काढणाऱ्या गाडीवर, घरी असून नसल्यासारखा. मग परसातली झाडांची खोली माझ्याकडे आली.

अर्धी जमिनीत खणलेली ती खोली. गावातले लोक नोव्हेंबरात आपापली बोन्साय तिथे आणून ठेवत आणि एप्रिल संपता संपता घेऊन जात. त्या वर्षी चौदा कुंड्या होत्या.

"काय काय करायचं असतं, बाबा?" मी दवाखान्यात विचारलं.

"काही नाही. दार लावून घ्यायचं. झाडं झोपलीत, झोपू दे."

"एवढ्या थंडीत?"

"थंडीतच झोपतात ती. तू मध्ये नाक खुपसू नकोस म्हणजे झालं."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पारा उणे अठ्ठावीसवर गेला. सकाळी आत जाऊन पाहिलं तर माती दगडासारखी, फांद्या जळक्या काड्यांसारख्या. मला राहवेना. घरातला खोली तापवायचा रॉकेलचा स्टोव्ह नेऊन लावला. रोज लावत राहिले. आत शिरलं की गालांना ऊब लागायची, आणि या परक्या गावात आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटायचं.

अकराव्या दिवशी त्यांतल्या एका मेपलच्या टोकांवर तांबडे कोंब दिसले. मी धावतच दवाखाना गाठला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाहेर अजून दोन महिने बर्फ आहे, चिहारु. ते झाड आता परत झोपायचं नाही."

त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी स्टोव्ह हळूहळू कमी करत बंद केला. बाकीची झाडं जागी झाली नव्हती, ती वाचली. मेपल घरात खिडकीशी आणला. पानं आली, पण कागदासारखी फिकी. मार्चमध्ये एकेक करून गळली. मग फांद्या शेंड्याकडून वाळत खाली आल्या.

तो मेपल कांबे मास्तरांचा होता. रेल्वेचा आमच्याकडचा फाटा बंद झाला तेव्हा ते शेवटच्या स्टेशनचे स्टेशनमास्तर होते. फलाटाच्या दगडांतून उगवलेलं बोटभर रोप त्यांनी त्या दिवशी उपटून खिशातून घरी आणलं. पुढे स्टेशन पाडलं. रोप चौतीस वर्षं कुंडीत वाढलं. दुसरं झाड त्यांच्याकडे नव्हतं.

एप्रिलमध्ये बाबा कुबड्या घेऊन निघाले. कुंडी माझ्या हातात. मास्तरांच्या दारात बाबांनी जमेल तेवढं वाकून मान खाली घातली.

"मास्तर, झाड गेलं. माझी चूक."

रस्ताभर त्यांनी मला काही बोलू दिलं नव्हतं. आता मात्र माझ्याच्याने गप्प राहवेना.

"नाही, स्टोव्ह मी लावला. बाबा दवाखान्यात होते."

मास्तरांनी कुंडी घेतली. नखाने खोडाची साल थोडी खरवडली. आत हिरवं नव्हतंच.

"त्याला थंडी वाजेल म्हणून?"

"हो."

"बायको असती तर तिनं तुला चहा पाजून पाठवलं असतं," ते म्हणाले. "मला नाही जमत. जा तुम्ही."

दार लागलं. परतताना बाबा एकदाच बोलले, "मी सांगत होतो ना, गप्प राहा." पण आवाजात राग नव्हता.

नोव्हेंबरात तीन घरांनी झाडं पाठवली नाहीत. बाबांना वाकता येत नव्हतं. ते स्टुलावर बसून सांगत, मी कुंड्या लावत असे. एका रविवारी मास्तर आले, रिकाम्या हातांनी. तापमापक वाचला, दार ढकलून पाहिलं, बाबांशी बोलले आणि गेले. पुढच्या रविवारी परत आले. मग येतच राहिले. माझ्याकडे मात्र बघायचे नाहीत.

जानेवारीत बाबा सर्दीने अंथरुणात होते. थंडी जरा ओसरली होती आणि कुंड्यांतली सुटी झालेली माती वरून कोरडी दिसत होती. मी झारी घेऊन आत वाकले होते, तेवढ्यात मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"आज नको," ते म्हणाले. "बोट घालून बघ. खाली अजून ओल आहे."

मी हातमोजा काढून मातीत बोट घातलं. ओल होती.

"आहे, मास्तर."

"हं," म्हणून ते पुढच्या कुंडीकडे वळले, आणि मी त्यांच्या मागोमाग.