पत्र्याखालची फट

मह्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या डोणगावात कोणीबी सांगन. खरं हाय ते. पण एक गोष्ट मी या तोंडात धरून ठेवली होती, अन् तिनं मले आतून पोखरून टाकलं होतं.

तानुबाई मही शेजारीण. आम्ही दोघी एकाच साली नांदाले आलो. तिच्यासारखी चूल साऱ्या गल्लीत कोणाची नाही. रोज सारवण, रोज राख काढणं. ओलं लाकूड चुलीत गेलं तं घरच्या माणसाचीबी खैर नाही. "धूर म्हंजे बाईचा आळस वं आशे," असं म्हणे अन् मह्या चुलीतल्या कपाशीच्या पराट्यांकडं पाहून नाक मुरडे. मी चिडायची, दोन दिवस बोलायची नाही, तिसऱ्या दिवशी इरजण मागाले तिच्याच दारात.

तिची पोट्टी छकुली पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली, पौषातल्या थंडीत. बाळंतिणीले वारं लागू द्याचं नाही अन् बाजेखाली शेगडी ठेवून शेक द्याचा, हे आमच्याइकडं कोणाले शिकवा लागत नाही. तानुबाईनं खिडकीत गोधड्या कोंबल्या, दाराच्या फटीले चिंध्या लावल्या. बाभळीची लाकडं आंगणात पेटवली, धूर पुरा जाऊ देल्ला, लालभडक इंगळ झाले तवा शेगडी आत नेली. धुराची एक रेघ नाही. लेकीवर दार लोटून घेतलं अन् चुलीवर शिरा हालवाले बसली. बाळ मह्यापाशी होतं. मी त्याले उन्हात तेल लावत होती.

बाळ भुकेनं रडाले लागलं म्हणून आम्ही दार उघडलं. छकुली कुशीवर झोपलेली, गालावर लाली. ती उठलीच नाही.

मेहकरले नेलं. डॉक्टरनं तिच्या भावाले, प्रेमले, अन् मले बाजूले घेतलं. म्हणाले, इंगळातून निघते ती हवा दिसत नाही, तिचा वास येत नाही, पण बंद खोलीत तीच माणूस मारते. प्रेमनं मह्या पायाले हात लावला. "काकू, मायले सांगू नका. ती जगायची नाही." मी हाव म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती?

लोकांनी ठरवलं, वारं लागलं. तानुबाईनं तेच खरं मानलं. बाळ बापाकडं संग्रामपूरले गेलं, अन् ही त्या रिकाम्या खोलीत फट शोधत बसे. शेवटी सापडलीच तिले, पत्र्याखाली, बोटभर. "इथूनच गेलं वं वारं. मह्या फुटक्या डोळ्याले दिसली नाही." त्या फटीले ती रोज शिव्या दे. मी ऐकायची अन् घरी येऊन भांडी आपटायची.

औंदा प्रेमच्या बायकोचे, पूनमचे, दिवस भरत आले. तिले माय नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. एका दुपारी मी डोकावली तं तानुबाई स्टुलावर चढून पत्र्याखाली माती थापून राह्यली होती. खिडकी बंद. दाराले पोतं. शेगडी घासूनपुसून तयार.

"या खेपेले एक फट ठेवत नाही मी," ती म्हणाली. "पूनमले मी मरू देणार नाही आशे."

मी म्हटलं, "खिडकी राहू दे उघडी. शेक आंगणात देऊ."

"येडी झाली का वं? ओली बाळंतीण आंगणात?"

"मंग शेगडी नको. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक."

"हे शहरातल्या बायांचे चाळे मले सांगू नको."

प्रेम दारात उभा होता. त्यानं मान हालवली, नाही म्हणून. हळूच म्हणाला, "मी पाहतो ना काकू."

"अन् तू वावरात असशीन तवा कोण पाहीन रे?"

आंगणात पूनम पोट सांभाळत मेथी निवडत होती. असा राग आला मले, काय सांगू! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत त्या पोरीचा जीव होता.

"तानुबाई, खाली उतर," मी म्हटलं. ती उतरली. "वारं नव्हतं वं ते. शेगडी होती."

तिले समजलंच नाही. मंग डॉक्टर बोलले ते सारं सांगतलं. ती मातीचे हात तसेच धरून ऐकत राह्यली.

"पण धूर नव्हता ना आशे?"

"नव्हता."

"मी सारा धूर जाऊ देल्ला होता. तू पाह्यलं ना?"

"पाह्यलं वं बाई."

"इंगळ लाल झाले होते."

"हाव."

तिनं घासून ठेवलेल्या शेगडीकडं पाह्यलं. "म्हंजे मीच," एवढंच म्हणाली. मी तिले धराले गेली तं तिनं मले ढकललं.

"तुले ठाव होतं! मी त्या फटीले शिव्या देत होती, तवा तुले ठाव होतं!"

मी रडली, प्रेम रडला. ती नाही रडली. तिनं खिडकी उघडली, दाराचं पोतं ओढून फेकलं. "जाय आता," म्हणाली. "मह्या घरी येऊ नको."

पूनमले पोरगा झाला. दोघं खुशाल हायेत. मी केलं ते बरं केलं, असं मी सगळ्याइले ठणकावून सांगते, अन् घरात येऊन पदरात तोंड घालते. तानुबाई मह्याशी बोलत नाही. बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवत नाही. भाकर टाकते, ताट उंबऱ्यावर ठेवते अन् फिरते.

काल कुडाच्या इकडून मी पाह्यलं. पूनम लेकरू घेऊन बाहेर आली, सासूच्या पुढं धरलं. "आई, घ्या ना याले."

तानुबाईनं हात मांगं घेतले. "नको माय. मह्या हातात नको देऊ."

"घे वं तानुबाई, घे त्याले!" मी इकडून ओरडली. तिनं मह्याकडं पाह्यलंबी नाही.