पहिल्या मंगळवारचा पारा

मित्रांनो, पेटी बंद असते तेव्हा मी थेंबासारखा गोळा होऊन झोपलेला असतो. मी पारा आहे, रक्तदाब मोजायच्या एका जुन्या पेटीतला. दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला की मी काचेच्या नळीतून वर चढतो. हवा सोडली की सावकाश उतरतो. उतरताना मला नाडीचे ठोके जाणवतात, दूरच्या जिन्यावरून कुणी चालत यावं तसे. माणसं आकडा वाचतात. मी ती पावलं ऐकतो.

कारखान्यातून मी थेट नर्सताईंच्या हाती आलो. वस्तीपासून दवाखाना लांब, म्हणून ताई मलाच घरोघर नेत. ज्यांना एकदा मेंदूचा झटका येऊन गेला आहे, त्यांना दुसरा येऊ नये, एवढंच आमचं काम. दर महिन्याचा पहिला मंगळवार ठरलेला. ताई मनाने मऊ, पण तोंडाने तिखट. आकडा वाढला की पेशंटला उंबऱ्यातच झाडायच्या.

शेवटचं घर सायकल दुरुस्त करणाऱ्याचं. त्याची बायको शिवणकाम करायची. झटक्यानंतर तिचा उजवा हात उठेना, म्हणून ती डाव्या हाताने कात्री धरायला शिकत होती. एकदा माझी रबरी नळी गळू लागली. मी अर्ध्यातूनच घसरायचो. सायकलवाल्याने नळी पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला आणि ठिगळ लावलं.

"घ्या ताई, साधं पंक्चर होतं."

"माझंही काढा की," बायको म्हणाली.

"तुझं ताई काढतायत. तू फक्त हवा कमी भर."

तिघंही हसली. त्या घरात मी नेहमी शहाण्यासारखा खाली थांबायचो. ताई म्हणायच्या, "शाब्बास! असा पेशंट वस्तीत दुसरा नाही." मलाही अभिमान वाटायचा.

मग एका शुक्रवारी तिला दुसरा झटका आला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ताई भेटायला गेल्या तेव्हा सायकलवाल्याने शिलाई मशीनच्या खणातून गोळ्यांची पाकिटं काढून पुढे ठेवली. बहुतेक भरलेलीच होती.

"मंगळवारच्या आधीचे आठ दिवस घ्यायची," तो म्हणाला. "एरवी बरं वाटतंय म्हणायची. तुम्ही ओरडाल म्हणून तेवढ्या घ्यायची. मला ठाऊक होतं, ताई. मी हसण्यावारी नेलं."

ताईंनी पेटी मिटली आणि मला कपाटात ठेवलं. तिथे मी फार दिवस झोपलो. झोपेत कात्रीचा आवाज यायचा, डाव्या हाताचा, अडखळत चालणारा.

एके सकाळी पेटी उघडली. समोर सायकलवाला होता. "मी पेटी धरतो, ताई. तुम्ही मोजा. मी फक्त विचारतो."

पहिलं घर एका हमालाचं होतं. त्याचा एक पाय ओढत चालायचा.

"किती गोळ्या चुकल्या, दादा?"

"एकपण नाही!"

सायकलवाला खाली बसला. "माझी बायकोही असंच सांगायची," तो म्हणाला. "ती गेली."

हमालाने ओढत्या पायाकडे पाहिलं. "चार," तो म्हणाला. "पहाटे गाडी लागते माल उतरवायला. विसरतो."

मी नळीतून वर चढलो आणि खूप वर थांबलो. ताईंचे ओठ उघडले. मग मिटले.

"संध्याकाळी घेतली तर चालेल का, ते आजच डॉक्टरांना विचारते," त्या म्हणाल्या. "तू खरं सांगितलंस, बरं केलंस."

मित्रांनो, मी खोटं बोलत नाही, पण मला फक्त त्या एका घडीचं कळतं. मधल्या दिवसांचं माणसानेच सांगायचं असतं. तुमच्या घरी कुणाची रोजची गोळी असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि पाकिटं बघा. चुकली म्हणाले तर ओरडू नका.

पुढच्या मंगळवारी मी हमालाकडे पुन्हा गेलो. थोडा खाली थांबलो. पावलं अजून येत होती.